दोन बोटांनी उपटलेला बाण

मला राग पटकन येतो आणि लवकर जात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं एका रागातून घडलं. तो राग मला ब्राउनश्वाइगपासून थोड्या अंतरावर, एल्म नावाच्या टेकड्यांवरच्या जंगलात, एका फोमच्या रानडुकरासमोर आला.

मी तेव्हा एका मोटार कंपनीच्या धडक-चाचणी विभागात काम करत होते. गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि काय कुठे किती चेपलं ते बघायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दिवसभर स्क्रीनसमोर बसून खांदे आखडायला लागले तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवलं, आमच्या गावात धनुर्विद्येचा फेराइन, म्हणजे क्लब, आहे, येऊन बघ. जर्मनीत प्रत्येक गोष्टीचा फेराइन असतो. ससे पाळणाऱ्यांचाही असतो. मी गेले, दोरी ओढली, आणि त्या दिवसापासून आठवड्यातली एक संध्याकाळ आणि रविवार या खेळाला देऊन टाकला.

आमचा खेळ पांढऱ्या-पिवळ्या गोल तक्त्यांवरचा नव्हता. जंगलातून एक पायवाट जाते आणि तिच्या कडेला झाडांआड खऱ्याएवढे प्राणी उभे असतात. हरीण, अस्वल, कोल्हा, बोकड, सगळे कडक फोमचे. अंतर कुठेही लिहिलेलं नसतं, ते नजरेने ओळखायचं. खऱ्या जनावरावर बाण चालवायला जर्मनीत कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ज्याला शिकारीची हौस आहे तो हंगेरीला जातो आणि बाकीचे आम्ही फोमवर भागवतो.

आमचे श्पोर्टवार्ट, म्हणजे क्लबच्या सरावाची आणि संघांची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ, दरवर्षी हंगेरीला जाणाऱ्यांपैकी होते. साठीचे, उंचेपुरे, हात फावड्यासारखे. त्यांचं धनुष्य दोन्ही टोकांना चाकं असलेलं, भलतं ताकदीचं. माणूस वाईट नव्हता. थंडीत सगळ्यांना थर्मासमधला चहा द्यायचे, हरवलेले बाण गुडघ्यांवर बसून पानांतून शोधून द्यायचे. क्लबात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणून त्यांच्याशी बोलताना मीही एकेरीवर असे, पण मराठीत लिहिताना त्यांना 'तो' म्हणायला माझा हात धजत नाही. फक्त त्यांना एक खात्री होती, की बाईचं धनुष्य हलकं, म्हणून बाईचा बाणही हलका. मी आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात कार्बनच्या बारीक, उदबत्तीसारख्या बाणांचा जुडगा ठेवला.

"हलका बाण वेगाने जातो," ते म्हणाले. "वेगाने गेला की सरळ जातो. अंतर थोडं चुकलं तरी चालतं. गेनाऊ?"

गेनाऊ, अगदी बरोबर. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाण सुसाट जायचा आणि बरोबर जागी लागायचाही. पण लागून काय? निम्मे बाण फोमला जेमतेम टोचून, मान टाकून लोंबकळायचे. तिरपे बसले तर टणकन उडून पानांत पडायचे, आणि आमच्याकडे नियम असा की प्राण्यात रुतून राहिलेलाच बाण मोजायचा. त्या रविवारी रानडुकराला माझा बाण लागला होता, अगदी खांद्यामागे, जिथे लागायला हवा तिथे. श्पोर्टवार्ट पुढे झाले आणि त्यांनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून, वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती काढावी तसा उचलला. वर फुंकर घातली. दहाबारा माणसं मनापासून हसली. मीही हसले, आणि गाडीत बसल्यावर दार इतक्या जोरात आपटलं की न्यायला आलेला नवरा म्हणाला, ऑफिसची सवय घरच्या गाडीवर नको.

मी धडकांची इंजिनिअर होते आणि माझाच बाण धडक देत नव्हता. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

कैऱ्या पाडणाऱ्या कोणत्याही पोराला हे गणित येतं. बारका खडा कितीही जोरात भिरकावला तरी कैरीला लागून बाजूला होतो. मोठा धोंडा कैरीपर्यंत पोचतच नाही. मधला, मुठीत बसणारा दगड घ्यावा लागतो, तो सावकाश जातो पण कैरी घेऊन खाली येतो. धनुष्याचंही तसंच, फक्त त्यात आणखी एक गंमत आहे. बाण फार हलका असला तर धनुष्याची सगळी ताकद त्याला घेताच येत नाही. उरलेली धनुष्यातच राहते, ते हातात थरथरतं, आवाज करतं. बाण जड असला तर तो ताकद नीट अंगावर घेतो, धनुष्य गप्प राहतं आणि सगळा जोर बाणाबरोबर निघून जातो. वेग कमी होतो, पण ज्याला लागेल त्याला तो लागला हे कळतं. श्पोर्टवार्टच्या धनुष्यात ताकदीची चंगळ होती, त्यांनी थोडी वाया घालवली तरी बाण घुसायचाच. माझ्या धनुष्यात मोजकी होती. जिच्याकडे मोजकं आहे तिनेच उधळावं, हा कुठला न्याय?

मी बाण स्वतः करायला घेतले. अ‍ॅशच्या लाकडाच्या जाड दांड्या आणल्या, टोकाला जड पोलादी टोप बसवले, मागे खऱ्या पिसांचे पंख चिकटवले, वरून वॉर्निश. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक तोलून, जड वाटला तो तासून, सगळे एका वजनाचे केले. नवऱ्याला भाजीत पीस सापडलं, ते त्याने ताटाच्या कडेला काढून ठेवलं.

पहिल्यांदा ते घेऊन गेले त्या दिवशी श्पोर्टवार्टनी त्यांचं वेग मोजायचं यंत्र मांडलं होतं. एकेकाने त्यातून बाण सोडायचा आणि त्यांनी आकडा मोठ्याने वाचायचा, असा कार्यक्रम चालला होता. माझा आकडा वाचताना त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तुझा बाण पोचेपर्यंत डुक्कर जेवून झोपलेलं असेल," ते म्हणाले.

"झोपलं तर बरंच," मी म्हणाले. "हलणार नाही."

पुन्हा सगळे हसले, पण या वेळी थोडे माझ्या बाजूनेही हसले.

काही आठवड्यांनी त्यांच्या गाडीच्या डिकीत मला दुसरा एक भाता दिसला. हंगेरीचा. त्यातला एक बाण मी न विचारता उचलून हातावर तोलला. जाड, जड, पुढे वजन. माझ्या बाणांचा थोरला भाऊच. माझं डोकंच फिरलं.

"खऱ्या डुकराला जड बाण आणि मला हलका?" मी विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "तिकडे जिवंत जनावर असतं. बाण खोल गेला नाही तर ते जखमी होऊन पळतं आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं. ते पाप मला नको. इथे काय, नुसते गुण. आल्झो, मग तू काय मारणार आहेस?"

"काहीच नाही. मी शाकाहारी आहे. पण माझा बाण लागला तर तो लागलेला दिसला पाहिजे."

यावर त्यांनी मान हलवली आणि डिकी बंद केली. पाप नको म्हणाले ते मला आवडलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शरद ऋतूत आसपासच्या क्लबांची स्पर्धा असायची. तिघांची एक मानशाफ्ट. आमच्या संघात स्वतः श्पोर्टवार्ट, एक बालवाडीच्या शिक्षिका आणि तिसरी जागा रिकामी. ती जागा मला हवी होती. का हवी होती याची कारणमीमांसा मी तेव्हा केली नाही, आताही करणार नाही. ऑफिसात मी अनेकांतली एक होते, सोसायटीत 'तिसऱ्या मजल्यावरची भारतीय', फोनवर माहेरी 'जर्मनीवाली'. स्पर्धेत संघांची नावं आणि गुण लिहितात त्या लाकडी फळ्यावर मला नेम धरणारी म्हणून नाव हवं होतं, बस.

श्पोर्टवार्टनी जागा दिली आणि वर अट घातली. "कार्बनने आलीस तर जागा तुझी. लाकडाने आलीस आणि तुझ्यामुळे आपण मागे पडलो, तर पुढच्या हंगामात मी दुसरं कोणी बघणार."

"लाकडाने येईन," मी म्हणाले.

तरी त्यांनी कार्बनचे बाण माझ्या पिशवीत कोंबलेच. स्पर्धेत शेवटपर्यंत एकाच जातीचे बाण वापरावे लागतात, अर्धे हे अर्धे ते चालत नाही, म्हणून सकाळी निघतानाच काय ते ठरवायचं होतं. "विचार कर," ते म्हणाले.

त्या वर्षी स्पर्धा नेमकी दसऱ्याच्या दिवशी आली आणि सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना प्रत्येक गोष्ट कळायलाच हवी असते. मी जंगलात प्राण्यांवर बाण मारते हे कळल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी तोलूनमापून बोलत होत्या. प्राणी फोमचे आहेत हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला, पण आदरही मावळला.

"फोमच्या हरणाला मारायला एवढी तयारी?" त्या म्हणाल्या. "पळत तरी असेल की नाही?"

"नाही हो आई. उभं असतं."

"मग मारलं तर त्यात काय मोठंसं!"

पण शस्त्र ते शस्त्र. खंडेनवमीच्या दिवशी मी बाजारात गेले होते. परत आले तर बाथरूममध्ये बादली, बादलीत कोमट साबणाचं पाणी, आणि त्या पाण्यात माझे सगळे बाण, पिसं खाली करून, बुडवून ठेवलेले. शेजारी विळी, नवऱ्याचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, माझी कात्री, अशी आमच्या घरची तमाम आयुधं घासूनपुसून टॉवेलवर मांडलेली. सासूबाई पदर खोचून उभ्या.

"काय धूळ होती गं तुझ्या बाणांना! पूजेला अशी ठेवतात का?"

मी बाण बाहेर काढले. पंख दांड्यांना चिकटून बसले होते. ओल्या पंखाचा बाण सरळ जात नाही, मागून भेलकांडत जातो. मी जे बोलले ते मराठीत होतं आणि स्पष्ट होतं. सासूबाईंशी मी त्या आधी कधी तशी बोलले नव्हते. मी परत घेणार नाही ते बोलणं, माझ्या हातांचे महिनाभराचे कष्ट त्या बादलीत होते.

नवरा मध्ये पडला. "अगं, ते कार्बनचे आहेत ना पिशवीत? बघ, आपोआपच सुटला प्रश्न. आता कशाला हट्ट?"

त्याच्या त्या 'आपोआप'ने मी जास्तच पेटले. जगात सगळे माझ्यासाठी हलका बाण घेऊन उभे होते, आणि आता तर पाण्याची बादलीही त्यांना सामील झाली होती.

सासूबाई मात्र खुर्चीवर बसून एक ओला बाण हातात फिरवत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच. "पीस आहे ना हे? खरं?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"मग मरतंय कशाला. आमच्या गॅदरिंगच्या मुकुटांची पिसं दरवर्षी चेपायची. वाफेवर धरली की उभी राहायची. इडलीपात्र कुठंय?"

दुपारभर आमच्या स्वयंपाकघरात इडलीपात्र उकळत होतं आणि त्यात इडल्या नव्हत्या. सासूबाई एकेक बाण वाफेत फिरवायच्या आणि पीस हळूहळू अंग झाडून उभं राहायचं. मी जेवणाच्या टेबलावर दांडी लोळवून बघायची, जिला बाक आला असेल ती वाफेवर गरम करून हाताने सरळ करायची. दोन बाणांचे पंख सुटून आले, ते बाद. वॉर्निशने बाकीच्यांना वाचवलं होतं. मध्येच त्या म्हणाल्या, "हलके घे म्हणतात ते सगळे, आणि तू घेत नाहीस?"

"नाही घेत."

"बरं करतेस," त्या म्हणाल्या, आणि पुढचा बाण वाफेवर धरला.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी तेलात कुंकू कालवून प्रत्येक बाणाच्या दांडीवर मधोमध पाच बोटं ओढली. मी म्हणाले, अहो आई, वजन वाढेल. त्या म्हणाल्या, तुला जडच हवेत ना? मग कार्बनचे बाण मी कपाटात ठेवले, सासूबाईंनी वड्यांचा डबा घेतला, आणि आज सीमोल्लंघन आहे, मी घरी बसणार नाही, असं जाहीर करून त्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या.

एल्मचं जंगल बीच झाडांचं. ऑक्टोबरात तिथे खाली-वर सगळीकडे पिवळं असतं. थंडी होती, धुकं होतं, आणि सासूबाई साडीवर नवऱ्याचं जाकीट घालून पायवाटेवर आमच्या मागे चालत होत्या. दर प्राण्यापाशी त्या थांबायच्या आणि तो खरा कसा दिसत नाही ते मला सांगायच्या.

सुरुवात चांगली झाली. अस्वल, कोल्हा, हरीण, माझे बाण जायचे, रुतायचे, राहायचे. मग दरीपलीकडे, चढावर, पहाडी बोकड उभा होता. मी अंतर कमी धरलं. हलका बाण असता तर एवढ्या चुकीला पोटात घेऊन कुठेतरी लागला असता. माझा बाण डौलात वर गेला, डौलात खाली आला आणि बोकडाच्या पायांपुढच्या मातीत उभा राहिला. शून्य.

"कमी पडला," श्पोर्टवार्ट म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण अट दोघांनाही आठवत होती.

"हो," मी म्हणाले. होय, पडला. माझी नजर चुकली होती, बाण चुकला नव्हता, पण फळ्यावर नजर आणि बाण असे दोन रकाने नसतात.

शेवटी ते रानडुक्कर आलं, तेच, मेणबत्तीवालं. जुनं, थंडीने आणखी कडक झालेलं, आणि स्पर्धेसाठी ते मुद्दाम तिरपं वळवून ठेवलं होतं. आधी बालवाडीच्या बाई. त्यांचं धनुष्य माझ्याएवढंच हलकं आणि बाण कार्बनचे. त्यांचा नेम माझ्यापेक्षा चांगला, बाण बरगडीवर अगदी हवा तिथे बसला, आणि टणकन उडून पानांत गेला. त्यांनी ओठ चावला. श्पोर्टवार्टचा बाण अर्थातच घुसला. मग मी.

इथे गुण गेले तर जागा गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा पुन्हा राग आला. दोरी गालापर्यंत आणली. धनुष्य गप्प होतं. बाण सोडला तो मला जाताना दिसला, इतका सावकाश, पाच लाल बोटांसकट. मग धप्प असा आवाज आला, गोणी टाकल्यासारखा, आणि डुक्कर जागच्या जागी हललं.

"लागलं!" मागून सासूबाई ओरडल्या. स्पर्धेत ओरडायचं नसतं.

आम्ही पुढे गेलो. श्पोर्टवार्टनी सवयीने दोन बोटं लावली. बाण हलला नाही. त्यांनी मूठ आवळली. मग दुसरा हात. शेवटी त्यांनी डुकराच्या अंगावर बूट रोवला, मागे रेलले, आणि हुंकार देऊन तो उपटला. कोणी हसलं नाही. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि हात पुढे केला नाही, बाण पूर्ण निघू दिला.

आम्ही चौथे आलो. माझा बोकड आणि बाईंचं डुक्कर, दोन्ही शून्यं शेजारीशेजारी फळ्यावर लागली. मागे पडलो ते एकट्या माझ्यामुळे, असं कोणाला म्हणता येण्यासारखं नव्हतं. म्हणता आलं असतं तरी मी बाण बदलले नसते. अंतर ओळखायला शिकले असते आणि दुसरा क्लब शोधला असता.

डुकरापाशी श्पोर्टवार्टनी बाण माझ्या हातात दिला तेव्हाच मी त्यांना म्हणाले होते, "बोकडाला पुन्हा कमी पडेल. मी शिकेन. पण बाण हेच राहतील."

त्यांनी बालवाडीच्या बाईंकडे बोट दाखवलं. "मंगळवारी सरावाला येशील तेव्हा या दांड्या कुठून आणतेस ते हिलाही सांग," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तळहात लालभडक झाला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, जखम शोधली, पँटला पुसला. तेलातलं कुंकू, ते आणखी पसरलं.

"अगं, त्यांना सांग, लागलं नाहीये काही, कुंकू आहे," सासूबाई डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या. "घाबरलेत बिचारे."

"रक्त नाहीये," मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं. "पण दोन बोटांनी निघणार नाही. साबण लागेल."